तिसरं कोटेशन

काकूंची जागा धोक्यात आली ती एका भिंतीपायी. भिंत घरातली नव्हे, खेळातली. संघातल्या बाकीच्या सगळ्याजणी पूल ओलांडून पलीकडे गेल्या, आणि काकू भिंतीला नाक लावून जागच्या जागी उभ्या. पुढे नाहीत, मागे नाहीत. त्यांच्या जुन्या लॅपटॉपनं गरम होऊन डोळे पांढरे करायला नेमकी तीच घटका निवडली होती. तो भानावर आला तोवर काकूंची धाकटी बहीण, जी या संघाची कप्तानही होती, ती धारातीर्थी पडलेली होती. तीही, ताई पाठ राखणार या भरवशावर.

"ताई," फोनच्या स्पीकरवर धाकटी म्हणाली, "बहीण म्हणून मी तुला एका शब्दानं बोलत नाही. पण कप्तान म्हणून सांगते. स्पर्धेच्या आत धड मशीन घे. नाहीतर तुझ्या जागी माझ्या सुनेची मैत्रीण येईल. तिचं मशीन नवंकोरं आहे, आणि ती भिंतीला चिकटून राहत नाही."

"बरं," काकू म्हणाल्या.

काकू एरवीही सगळ्याला 'बरं'च म्हणत. उभा जन्म बँकेच्या खिडकीमागे बसून लोकांच्या कटकटी ऐकल्यावर तोंडात दुसरा शब्द उरत नसावा. पण आजच्या 'बरं'चा शेवट जरा ओला होता. निवृत्तीनंतर त्यांना हा एकच नाद लागला होता. दुपारचं सगळं आवरलं, की कानाला हेडफोन लावून चार बायकांबरोबर शत्रूच्या तळावर जायचं. एवढंच त्यांचं स्वतःचं असं होतं, आणि तेच आता सुनेच्या मैत्रिणीकडे चाललं होतं.

पेपरामागून त्यांच्या यजमानांनी हे सारं ऐकलं.

यजमानांना अख्ख्या इमारतीत टेंडरकाका म्हणत. तोंडावर 'काका', पाठीमागे पूर्ण नाव. एका सरकारी खात्याच्या खरेदी विभागात त्यांची हयात गेली होती. टाचणीपासून जनरेटरपर्यंत त्यांच्या सहीशिवाय काही आत आलं नाही, आणि त्यांच्या एकाही खरेदीवर कधी आक्षेप निघाला नाही. माणसाचा काही ना काही नेम असतो. कुणी पहाटे उठून जप करतं, कुणी घास काढून ठेवल्याशिवाय जेवत नाही. टेंडरकाकांचा नेम तीन कोटेशनांचा होता. तीन ठिकाणचे लेखी दर हातात आल्याशिवाय त्यांनी घरात पायपुसणंसुद्धा येऊ दिलं नव्हतं. नेम करावा तर असा. फक्त देवानं त्याचं फळ कुठल्या खात्यात जमा केलं, ते अजून कळलेलं नाही.

"मी घेऊन देतो तुला मशीन," पेपर खाली ठेवत काका म्हणाले.

"अहो, मी बघून ठेवलंय. कोपऱ्यावरच्या दुकानात सगळं जोडून तयार देतात. आपण ठरवलेल्या रकमेत बसतंय. घरी येऊन लावूनही देणार आहेत."

"एकाच दुकानातून?" काकूंनी काहीतरी अभद्र बोलावं तसा काकांचा चेहरा झाला. "सगळंच्या सगळं? चौकशी न करता? ऑडिटला काय सांगायचं?"

"आपल्या घराचं ऑडिट कोण करतं?"

"मी!" काका म्हणाले.

काकांनी तिथल्या तिथे धोरण जाहीर केलं. तयार मशीन घ्यायचं नाही. त्यात दुकानदार कुठला भाग केवढ्याला लावतो ते कळत नाही. सुटे भाग घ्यायचे, प्रत्येक भागाला तीन कोटेशनं मागवायची, आणि ज्याचा दर कमी त्याला ऑर्डर. आठवड्यात काम फत्ते.

बातमी जिन्यावरून खाली उतरायला वेळ लागला नाही. इमारतीत कुणी आजारी पडलं तर लोक चौकशीला उद्या येतात, खरेदी निघाली तर आज.

"रॅम भरपूर घ्या," तळमजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले. "रॅम म्हणजे स्मरणशक्ती. ती चांगली असली की बाकीचं आपोआप येतं. मी जन्मभर मुलांना हेच सांगत आलो."

"दिवे मात्र हवेत हं, काका," वरच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या. "माझ्या भाच्याच्या कॅबिनेटात इंद्रधनुष्यच आहे. दिव्यांनी वेग वाढतो म्हणे."

समोरच्या दारातले दातांचे डॉक्टर तेवढे मुद्द्याचं बोलले. "आधी मदरबोर्ड आणि प्रोसेसर यांची जोडी ठरवा, काका. ते एकमेकांत बसले तर पुढचं सगळं. जबड्याचं माप घेतल्याशिवाय आम्ही कवळी करत नाही."

काकांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "तुमच्या नात्यात कुणी मदरबोर्ड विकतं का?"

"हो, माझा साडू विकतो. का?"

"काही नाही," काका म्हणाले, आणि घरात येऊन काकूंना म्हणाले, "डॉक्टरांचा सल्ला बाद. हितसंबंध आहेत."

आता कोटेशनं आणायची म्हणजे तीन दुकानं हवीत. बाजारपेठेतली दोन दुकानं काकांनी पक्की केली. तिसरं त्यांनी कोपऱ्यावरचंच धरलं, जिथे काकूंनी मशीन पाहून ठेवलं होतं. कारण ते जवळ होतं, आणि तिथला दर सगळ्यांत चढा असे. तिसरं कोटेशन चढंच असावं लागतं. त्याशिवाय पहिल्या दोघांचं स्वस्त दिसत नाही. हे ज्ञान पुस्तकात मिळत नाही, त्याला खातं लागतं.

पहिल्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानदारानं काकांना खुर्ची दिली, पंखा त्यांच्याकडे वळवला, थंड पाणी मागवलं. प्रोसेसरचा दर स्वच्छ अक्षरात लिहून दिला. दुसऱ्या खेपेला खुर्ची होती, पाणी नव्हतं. पुढच्या खेपेला खुर्चीवर खोकी ठेवलेली होती. त्यानंतर काका पायरी चढताना दिसले, की तो मान वर न करताच कागद पुढे करायचा. "रॅमचं ना? लिहून ठेवलंय."

एकदा मात्र त्यानं पेन खाली ठेवलं. "काका, एक विचारू? मी तुमच्या या सगळ्यात नेमका कोण?"

"तुम्ही तिसरे," काका प्रामाणिकपणे म्हणाले.

"आणि पहिला कधी होणार?"

"दर उतरवा. लगेच व्हाल."

"मी उतरवला तर तिसरं कोटेशन कोण देणार तुम्हाला?"

काका घरापर्यंत विचार करत आले. प्रश्न बिनतोड होता, आणि खरेदीच्या नियमावलीत त्याला उत्तर नव्हतं.

एकेक भाग येत गेला. जो भाग जिथे स्वस्त, तिथून तो. मागणीपत्रात काकांनी आपलं ठेवणीतलं वाक्य घातलं होतं: 'संगणकास योग्य, नवा व उत्तम दर्जाचा.' या वाक्यावर त्यांनी अख्खं खातं चालवलं होतं. खोकी पलंगाखाली गेली, तिथून कपाटावर, आणि शेवटी काकूंचा जुना लॅपटॉप जिथे असे त्या टेबलावर. काकू आता मांडीवर लॅपटॉप घेऊन सराव करत. तो तापला, की खाली उशी घेत, उशी तापली, की उठून उभ्या राहत. "होतंय ना हो?" एवढंच विचारत.

"प्रक्रिया चालू आहे," काका म्हणत.

सगळे भाग आल्यावर जेवणाच्या टेबलावर पांघरूण घालून काकांनी जोडणीला सुरुवात केली. हातात स्क्रू ड्रायव्हर, कपाळावर आठी. काकू बॅटरी धरून शेजारी उभ्या. त्या इतक्या वर्षांच्या खेळानं शहाण्या झालेल्या, पण बोलायच्या नाहीत. काकांनी प्रोसेसर बोर्डाच्या चौकोनावर ठेवला. तो आपला एका बाजूनं वर. फिरवून ठेवला. आता दुसऱ्या बाजूनं वर. काकांनी अंगठा टेकवला.

"दाबू नका!" काकूंनी त्यांचा हात धरला. "अहो, हा या बोर्डात बसत नाही. ही जोडीच वेगळी आहे."

"बसत नाही म्हणजे? दोन्ही कमीत कमी दराचे आहेत!"

"दर जुळून काय करू? खाचा जुळायला हव्यात."

काकांनी तो विषय प्रलंबित ठेवला आणि रॅम काढली. रॅमच्या पट्टीची खाच एकीकडे, बोर्डाची दुसरीकडे. मुख्याध्यापकांच्या सल्ल्यानुसार स्मरणशक्ती भरपूर होती, पण तिला डोक्यात शिरायला जागा नव्हती. मग ग्राफिक्स कार्ड. ते कॅबिनेटपेक्षा चांगलं बोटभर लांब निघालं. एव्हाना जिन्यात कुणकुण लागून मंडळी आत आली होती.

"तिरकं करून बसवा," मुख्याध्यापक म्हणाले.

"कॅबिनेट थोडं कापता येईल का?" दातांच्या डॉक्टरांनी विचारलं. व्यवसायाची सवय. साडूचा विषय त्यांनी काढला नाही, हा त्यांचा मोठेपणा.

कॅबिनेटच्या दिव्यांची वायर वेगळी होती. काकांनी निदान तेवढी तरी लावली. रिकाम्या पत्र्याच्या पेटीत लाल, हिरवा, जांभळा असे रंग एकामागून एक पळू लागले.

"अय्या, चालू झाला की!" वहिनींनी टाळ्या वाजवल्या.

सगळे गेल्यावर काकूंनी बॅटरी बंद केली. दिवे मात्र बंद होईनात, तेव्हा प्लग काढला. "अहो," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या तोंडून 'बरं' आलं नाही. "रविवारी सामना आहे."

दुसऱ्याच दिवशी काका प्रोसेसर परत करायला गेले. स्वस्त दुकान ते, पण परतीचं काउंटर मोठ्या इस्पितळाला शोभेल असं. टोकन घ्या, बसा, नंबर पुकारला की उठा, तोवर कुणीतरी पुढे शिरलेलं, पुन्हा बसा. अखेर पिकल्या केसांच्या, नीटनेटक्या बाईंसमोर काकांची वर्णी लागली.

"वस्तू बिघडलेली आहे?"

"नाही."

"मोडलेली?"

"मुळीच नाही. उत्तम आहे."

"मग परत का?"

"बसत नाही."

"कशात?"

"बोर्डात."

"बोर्ड आमच्याकडचा?"

"नाही. तो दुसरीकडे स्वस्त होता."

बाईंनी काकांचंच मागणीपत्र बाहेर काढलं आणि वाक्यावर बोट ठेवलं. "आपण 'संगणकास योग्य' असा मागितलात. हा संगणकास योग्य आहे. आपल्या संगणकास, असं कुठे लिहिलेलं नाही. खोकंही फोडलेलं आहे. परत होणार नाही."

हेच वाक्य, याच सुरात, काकांनी कितीतरी पुरवठादारांना ऐकवून रडकुंडीला आणलं होतं. त्यांना राग यायला हवा होता. पण उलट आदरच वाटला. "बाई," ते न राहवून म्हणाले, "तुमच्यासारखी माणसं सरकारी खात्यात हवी होती."

"होते ना," बाई म्हणाल्या. "खरेदी विभागातच. पुढचा नंबर!"

आपलंच पाणी आपल्या तोंडावर मारलं गेल्यासारखे काका घरी आले.

शनिवारी सकाळी धाकटीचा फोन. "ताई, मशीन झालं?"

काकूंनी टेबलावरच्या खोक्यांकडे पाहिलं. "होतंय."

"ताई, उद्या दुपारी सामना आहे गं. मी त्या मैत्रिणीला तयार राहायला सांगितलंय. रागावू नकोस. बाकीच्या तिघींचाही विचार करावा लागतो मला."

"नाही गं, रागवायचं काय त्यात," काकू म्हणाल्या. फोन ठेवून त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि घासलेली भांडी पुन्हा घासू लागल्या. काका हा आवाज ओळखत होते. संसारात तो फार वेळा झाला नव्हता, पण जेव्हा जेव्हा झाला तेव्हा तेव्हा काकांकडे नियम होता आणि काकूंकडे भांडी. आज काकांना नियम आठवेना. त्यांनी सगळे भाग दोन पिशव्यांत भरले आणि कोपरा गाठला.

"या, काका," दुकानदार म्हणाला. "आज कशाचं कोटेशन देऊ?"

"कोटेशन नको. एवढं जोडून द्या." काकांना स्वतःचाच आवाज ओळखू आला नाही. "उद्याच्या आत."

दुकानदारानं एकेक भाग काउंटरवर मांडला. मांडता मांडता त्याचा चेहरा दुकानदाराचा राहिला नाही, सुतकी झाला. "काका, यात तीन कॉम्प्युटरांचे अर्धे अर्धे भाग आहेत. जोडायचे म्हटलं तर अजून तीन अर्धे लागतील."

"मग तुम्ही हे विकत घ्या. आणि हिनं पाहिलेलं ते तयार मशीन आम्हाला द्या."

"घेतो की. पण काका, मलाही नियम आहेत." दुकानदार खुर्चीत मागे रेलला. इतक्या खेपांनंतर आज तो पहिल्यांदा खुशीत दिसत होता. "सेकंडहँड माल मी अंदाजानं घेत नाही. तीन कोटेशनं आणा. तिसरं मी देईन."

काकांनी पिशव्या उचलल्या. ज्यांच्या पायऱ्या त्यांनी ताठ मानेनं चढल्या होत्या, त्यांच्याच पायऱ्या आता माल खपवायला चढायच्या होत्या. पहिल्या स्वस्त दुकानानं सांगितलेला दर ऐकून काकांना पायरीवरच बसावं लागलं. दुसऱ्या स्वस्त दुकानानं तर भाग हातातही घेतले नाहीत, नुसतं नाक मुरडून आकडा लिहिला. आकड्याकडे पाहून तो प्रोसेसरचा आहे की पिशवीचा, हे कळेना. दिवेवालं कॅबिनेट त्यानं फुकटही नको म्हटलं.

दमून काका कोपऱ्यावर परतले. दुकानदारानं दोन्ही कागद वाचले आणि खाली आपला दर लिहिला. काकांनी तो दोनदा वाचला. तिन्हींत तोच सर्वांत जास्त होता. चांगला भरभक्कम.

"असं कसं?" काका म्हणाले.

"जो विकताना महाग, तो घेताना पण महाग, काका. माल बघून दर लावतो मी. तुम्ही नेहमी एकाच बाजूनं वाचलंत." त्यानं खुर्चीवरची खोकी उतरवली. "बसा आता."

व्यवहार झाला. तूट आली ती काकांनी स्वतःच्या पेन्शनमधून भरली, आणि घराच्या ऑडिटमध्ये स्वतःवरच एक कडक आक्षेप नोंदवला. पण अडचण अजून संपली नव्हती. मशीन लावून देणारा माणूस सोमवारशिवाय येणार नव्हता, आणि रविवारी दुकान बंद. दुकानदारानं काकांच्या तोंडाकडे पाहिलं आणि सुस्कारा टाकला. "काकूंना उद्या इथेच घेऊन या. अर्धं शटर उघडतो. मांडून ठेवलेल्या मशीनवर खेळू दे त्यांना. तुमच्याकडे पाहून नाही हं, त्यांच्याकडे पाहून."

रविवारी दुपारी काकू अर्ध्या शटरखालून वाकून आत गेल्या. खुर्चीवर बसल्या, हेडफोन लावले, आणि काकांच्या देखत दुसरीच कुणी झाल्या. "डावीकडून दोन येतायत! धाकटे, मागे हो! कोण गं ती, दार सोडून उभी? आत ये!" आवाज असा, की बँकेच्या खिडकीमागे हा आवाज असता तर रांगा कधीच लागल्या नसत्या. काका मागे स्टुलावर अंग चोरून बसले होते. दुकानदार चहाचे कप घेऊन उभा होता, तो प्यायचं विसरला.

फेऱ्या बरोबरीत चालल्या होत्या. प्रत्येक फेरीआधी पडद्यावर शस्त्रांची मांडणी उघडे, काकूंची बोटं सर्रकन फिरत आणि मांडणी मिटे.

"हे काय असतं?" काकांनी हळूच विचारलं.

"खरेदी."

काका ताठ बसले. "किती वेळ देतात?"

"अर्धं मिनिट."

"अर्धं मिनिट! तुलनात्मक तक्ता?"

काकूंना ऐकायला वेळ नव्हता. काका आता डोळे फाडून बघू लागले. काकूंनी धाकटीसाठी चिलखत घेतलं. एकीला धुराचे बॉम्ब दिले. तिसरीसाठी चांगली बंदूक घेऊन तिच्या पायाशी टाकली. सगळं चोख, एकही वस्तू वावगी नाही. मग स्वतःसाठी कोपऱ्यातलं एक फुटकळ पिस्तूल उचललं.

"आणि तुला?"

"माझं भागतं यावर."

हे वाक्य काकांच्या चांगलंच ओळखीचं होतं. चष्म्याच्या काड्या तुटल्या तेव्हा ऐकलं होतं, चपला झिजल्या तेव्हा ऐकलं होतं, लॅपटॉप पहिल्यांदा तापला तेव्हाही ऐकलं होतं. घरातला सर्वांत कमी दर नेहमी हिचाच असायचा, आणि तो त्यांनी दर वेळी विनाआक्षेप मंजूर केला होता. वर शाबासकी म्हणून, बघा कशी काटकसरी, असं चारचौघांत सांगितलंही होतं.

शेवटची फेरी आली. मांडणी उघडली. काकूंची बोटं सवयीनं पहिल्यांदा इतरांकडे गेली, मग त्या कोपऱ्यातल्या पिस्तुलाकडे वळली.

"अगं, ते नको!" काका स्टुलावरून उठून ओरडले. "ती घे! ती वरची, मोठी!"

"महाग आहे हो ती."

"असू दे महाग! सगळ्यांत महाग कुठली आहे? ती घे!"

काकूंच्या माईकमधून हे थेट चारही घरांत गेलं. "कोण ओरडतंय?" धाकटी म्हणाली. मग ओळख पटून म्हणाली, "भाऊजी? अगोबाई! ताई, त्यांचा विचार बदलायच्या आत घे!"

काकूंनी घेतली.

पुढचं काकांना नीटसं समजलं नाही. धूर झाला, धाकटी पडली, बाकीच्या तिघीही पडल्या, आणि शेवटी पुलाच्या तोंडाशी काकू एकट्या उरल्या. पलीकडून तिघं आले. मोठी बंदूक एकदा गरजली, दुसऱ्यांदा गरजली, मग काकूंनी श्वास रोखला, आणि तिसरा पूल ओलांडण्याआधीच आडवा झाला. हेडफोनमधून चौघींचा एवढा कल्लोळ उठला, की तो काढून ठेवल्यावरही दुकानभर ऐकू येत होता.

"ताई," त्यातून कप्तानीणबाईंचा आवाज आला, "पुढच्या रविवारी हीच वेळ. त्या मैत्रिणीला मी कळवते, जागा रिकामी नाही म्हणून. आणि भाऊजींना घेऊन ये. पण माईकपासून लांब बसव."

काकू खुर्ची वळवून काकांकडे बघू लागल्या. गाल लाल झाले होते, केस सुटले होते. "अहो," त्यांनी विचारलं, "कशी वाटली बंदूक?"

काकांनी घसा खाकरला. दुकानदाराच्या हातातून गार झालेला कप घेतला, एक घोट घेतला, आणि अगदी फाइलीवर शेरा लिहावा तशा गंभीर आवाजात म्हणाले, "खर्च जादा आहे. परंतु समर्थनीय."